जवारी कोणी काढावी?

ध्वनिमुद्रित गायन ऐकणाऱ्याने त्याच्या नादात आपल्या रुचीप्रमाणे फेरफार करावा, की ते जसे हाती आले तसेच श्रवण करावे, हा प्रश्न आज हेडफोन, प्रीअँप आणि अँप्लिफायर यांच्या बाजारातून उत्पन्न झालेला दिसत असला, तरी त्याचे मूळ सांगली-मिरजेच्या मातीत बरेच खोल गेलेले आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला. श्रुतींची स्थाने गणिताने निश्चित करण्याच्या त्यांच्या या उद्योगाला मुंबई इलाख्यातील आय.सी.एस. न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांची साथ मिळाली आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा गळा साक्षीला मिळाला. त्या गणिताबरहुकूम श्रुतींची हार्मोनियम विलायतेत तयार झाली. आणि १९१६ साली बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेत तिच्यावर जाणकारांनी हरकती घेतल्या. मापाने ठरलेला स्वर प्रमाण मानायचा की कानाने पत्करलेला, हा त्या हरकतींचा गाभा होता, आणि तो अद्यापि निकालात निघालेला नाही.

साताऱ्यास मंगळवार पेठेतील एका घरी तोच वाद माझ्या समक्ष पुन्हा उभा राहिला, म्हणून त्याची कैफियत लिहून ठेवावीशी वाटली. घराचे यजमान तात्या हे कोयनेच्या वीजगृहात उमेदीची सारी वर्षे घालवलेले अभियंते. पाहुणे अप्पा हे त्यांचे साडू, सांगलीच्या एका हायस्कुलात संगीत शिकवून निवृत्त झालेले, आणि १९६३ साली सुरू झालेल्या सांगली आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर ज्यांचा कान लहानपणापासून घडला असे गृहस्थ. दोघांनाही रात्री, घर निजल्यावर, हेडफोन लावून गाणे ऐकण्याची सवय आहे; परंतु तात्यांच्या हेडफोनमागे केवळ एक अँप्लिफायर असतो आणि अप्पांच्या हेडफोनमागे अँप्लिफायर व त्याच्याही आधी दोन व्हॉल्व्हांचा एक प्रीअँप. तो प्रीअँप अप्पा या खेपेस एका जुन्या पंच्यात गुंडाळून, कऱ्हाडवरून येणाऱ्या एस.टी.त मांडीवर धरून, सांगलीहून बरोबर घेऊन आले होते.

ज्यांना या यंत्रांची माहिती नसेल त्यांच्यासाठी एवढे सांगणे अवश्य आहे की, तबकडीच्या सुईतून निघणारा संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टांचा असतो आणि त्याला वाढवून सरळ करण्याचे काम फोनो प्रीअँपकडे असते. संगणकातील गाणे डॅक नावाच्या यंत्रातून सुमारे दोन व्होल्टांच्या संकेताच्या रूपाने बाहेर पडते. आणि हेडफोनच्या पडद्याला हलवण्यासाठी जो प्रवाह लागतो तो पुरवणे हे हेडफोन अँप्लिफायरचे कर्तव्य. संकेताचा स्रोत आणि हा अँप्लिफायर या दोहोंच्या मध्ये बसून स्रोताची निवड, पातळी आणि बास-ट्रेबलचा तोल सांभाळणारा जो प्रीअँप, त्याच्या अस्तित्वाविषयीच हा वाद होता.

तात्या : अप्पा, माझी पहिली हरकत निव्वळ हिशेबाची आहे. माझे हेडफोन तीनशे ओहमचे. एक मिलिवॉट शक्ती मिळाली की ते सुमारे ९७ डेसिबलचा आवाज देतात, आणि तीनशे ओहमांत एक मिलिवॉट घालायला अर्ध्या व्होल्टाहून किंचित जास्त दाब पुरतो. डॅकमधून दोन व्होल्ट येताहेत, म्हणजे कानाला सोसणार नाही त्या पातळीच्याही वर अकरा डेसिबल आधीच शिल्लक आहेत. ज्याला व्होल्टेजची ददात नाही त्याच्या वाटेत आणखी व्होल्टेज वाढवणारे यंत्र बसवायचे, आणि मग तो वाढलेला आवाज उतरवण्यासाठी दोन ठिकाणी बटणे फिरवीत बसायचे, ही तजवीज कशासाठी? अशाने वाढते ती खरखर.

अप्पा : आवाज मोठा व्हावा म्हणून मी ही पेटी जोडतच नाही, तात्या. माझ्या पेटीचा गेन कमीत कमी ठेवलेला आहे. मला हवे आहे ते नादाचे वळण. तुमच्या हेडफोनवर परवीन सुलताना ऐका किंवा भीमसेनजी ऐका, तंबोरा कानाच्या पडद्यावर कानस घासल्यासारखा लागतो. समोर बसून ऐकलेला तंबोरा असा कधी लागत नाही. ट्रेबल दोन-तीन डेसिबल उतरवला आणि खर्जाला थोडा आधार दिला की तो मला माणसाच्या शेजारी वाजतोसा वाटतो.

तात्या : वाटतो, हाच माझा मुद्दा. आमच्या खात्यात दस्तऐवजाची प्रत करताना खाली शेरा मारीत : अस्सल बरहुकूम नक्कल. नक्कल करणाऱ्या कारकुनाला मूळ मजकुरातली एखादी ओळ रुक्ष वाटली म्हणून ती गोड करण्याचा अधिकार नव्हता. गाणाऱ्याने गायिले, मुद्रण करणाऱ्याने मुद्रित केले, त्यांनी दोघांनी संमती देऊन ते माझ्या स्वाधीन केले. माझ्याकडे फक्त पोहोचवण्याचे काम उरले.

अप्पांनी याला लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी आपली पेटी जोडली, आणि जोडल्याबरोबर हेडफोनात बारीक, न थांबणारा गुणगुणाट सुरू झाला. तात्यांना तो क्षणात ओळखता आला, कारण सेकंदाला ५० आवर्तनांच्या त्या सुरात त्यांचा जन्म गेलेला. दोन यंत्रे भिंतीवरच्या दोन निरनिराळ्या सॉकेटांना लावलेली होती आणि दोन्हींची अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने जमिनीकडे जात होती. त्या दोन वाटा आणि मधली सिग्नलची केबल मिळून एक वेढा पूर्ण झाला की त्यात विजेचे गुंजन शिरते. तात्यांनी दोन्ही प्लग एकाच बोर्डावर आणले आणि गुंजन गेले. ते काम करीत असताना त्यांच्या मुद्रेवर विजयाचा भाव मुळीच नव्हता. आपल्या विरोधकाचे यंत्र निर्दोष स्थितीत उभे केल्यावाचून त्याच्याशी वाद घालू नये, हा त्यांचा न्याय मला फार मोलाचा वाटला.

अप्पा : तुम्ही नक्कल म्हणता, पण मुळात अस्सल कोणते? तुम्ही माझ्याबरोबर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आला होता. फरीदसाहेब सतारमेकरांपासून तिथे ही विद्या आहे, त्यांचे घराणे मूळचे हत्यारांना पाणी देणाऱ्या शिकलगारांचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीच्या लाकडाची दांडी, तबली, खुंट्या, सारे जागच्या जागी बसले, तारा चढल्या, तरी तंबोरा मुकाच असतो. मग कारागीर घोडी पुढ्यात घेतो. घोडीचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो, त्याला समोरच्या बाजूला अगदी नकळत उतार असतो. कारागीर बारीक कानस एकदा फिरवतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा एकदा फिरवतो. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतो आणि केसभर पुढे, केसभर मागे करीत असता एका जागी तार एकाएकी बोलू लागते. त्या खर्जातून स्वयंभू गांधार वर येतो. जे तारेत कोणी छेडलेले नाही ते ऐकू येते. ही जवारी म्हणजे नादाला मुद्दाम दिलेले वळण नव्हे तर काय? आणि खुली जवारी हवी की बंद, हे गवयाच्या गळ्यावर आणि त्याच्या आवडीवर ठरते.

तात्या : हे मला मान्य आहे; उलट तुमच्या बाजूने आणखी एक दाखला देतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोऱ्यावर आणि वीणेवर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्यांचा निष्कंप भाग पडतो ते उपस्वर उठूच नयेत, असा युरोपीय शास्त्राचा नियम. तंबोऱ्यात ते उपस्वर सरळ ऐकू येतात, कारण तार घोडीच्या एका कडेवरून न सुटता त्या उतारावर प्रत्येक कंपनात टेकत आणि उठत असते. म्हणजे तुमच्या मिरजेच्या कारागिराने कानाने साधलेली गोष्ट शास्त्राला आपला नियम दुरुस्त करायला लावणारी ठरली. पण अप्पा, ही जवारी मैफलीच्या आधी काढली जाते, गवयाच्या हुकुमावरून काढली जाते, आणि तो तंबोरा कानाशी घेऊन गवई गातो. पाचव्या रांगेत बसलेला श्रोता कानस घेऊन उठत नाही. तुमची पेटी ही त्या श्रोत्याची कानस आहे.

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला होता, आणि अप्पांनाही क्षणभर तो तसाच वाटला असावा. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या मानांकनाने प्रमाणित झालेली गोष्ट लाकूड किंवा भोपळा नसून हा हात आणि हा कान आहे असे मला वाटत आलेले आहे; आणि त्या हाताचा अधिकार गवयाच्या समक्ष, त्याच्या संमतीने चालतो, हे तात्यांनी अचूक पकडले होते. परंतु अप्पांनी पिशवीतून एक तबकडी काढली आणि वादाचा रोख बदलला.

अप्पा : ही खाँसाहेबांची भैरवीतली ठुमरी. १९३७ साली खाँसाहेब गेले, त्याच्या थोडीच वर्षे आधी मुद्रित झालेली. मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या कबरीजवळ दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते, तिथे मी लहानपणापासून बसलो आहे, आणि ज्यांनी खाँसाहेबांना समोर ऐकले होते अशी म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. ही तबकडी तुमच्या शुद्ध, सरळ, काही न घालणाऱ्या यंत्रावर लावा.

तबकडी लागली. खाँसाहेबांचा तो निमुळता, वर चढत जाणारा, सुरात विरघळणारा आवाज एखाद्या जाड पडद्यामागून यावा तसा आला. खालच्या सप्तकाच्या जागी एक फुगीर, पोकळ घुमारा होता आणि शब्दांतली व्यंजने बोथट झाली होती. तात्यांनी पहिली बाजू पुरी होऊ दिली नाही. सुई उचलली आणि स्वतःच बोलू लागले.

तात्या : हा दोष यंत्राचा नाही, हुकूमनाम्याचा आहे. तबकडी कोरताना खालचे सूर जसेच्या तसे कोरले तर खाचा इतक्या रुंद होतात की शेजारची खाच फुटते, म्हणून ते मुद्दाम दाबून कोरतात आणि ऐकताना तेवढेच उचलतात. वरचे सूर पुढे-पुढे वाढवून कोरू लागले आणि ऐकताना उतरवू लागले, म्हणजे त्याबरोबर खरखरही उतरते. हे किती दाबायचे आणि किती वाढवायचे याचे एक प्रमाण अमेरिकेच्या रेकॉर्ड उद्योगाने १९५४ साली ठरवले आणि पुढे सगळ्या जगाने पत्करले. माझा फोनो प्रीअँप त्या प्रमाणाचा आहे : ५०० आवर्तनांखाली उचलणारा, २१०० च्या आसपासपासून वर उतरवणारा. पण ही तबकडी त्याच्या वीस वर्षे आधीची. तेव्हा ज्याची त्याची रीत निराळी होती. विलायती रीतीच्या विजेरी तबकड्यांत खालचा दाब बहुधा २५० आवर्तनांपासून सुरू होई आणि वर काही वाढवलेले नसे. म्हणजे माझे यंत्र खाली सहा डेसिबल जास्त उचलते आहे, आणि जे कधी वाढवलेलेच नव्हते ते वर उतरवते आहे. पाच हजार आवर्तनांवर आठ डेसिबल, दहा हजारांवर तेरा-चौदा.

अप्पा : म्हणजे तुमच्या न ढवळणाऱ्या यंत्राने खाँसाहेबांचा गळा ढवळला.

तात्या : हो. आणि तो सरळ करायला तुमची पेटी लागेल, हेही कबूल करतो.

अप्पांच्या प्रीअँपवर बास आणि ट्रेबलची दोन बटणे होती, पीटर बॅक्झंडल या ब्रिटिश अभियंत्याने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या मंडलावर बेतलेली, जी मधल्या पट्टीला फारसे न छेडता दोन टोके वर-खाली करतात. तात्यांनी कागदावर दोन वक्र काढले, त्यांतले अंतर मोजले आणि बास उतरवून, ट्रेबल चढवून त्या अंतराच्या शक्य तितके जवळ बटण आणले. दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या, कारण जुन्या तबकडीच्या खाचेत संगीत आडव्या हालचालीत असते आणि उभ्या हालचालीत निव्वळ खरखर. दोन्हींची बेरीज केली की उभी हालचाल परस्पर खोडली जाते. मग तबकडी पुन्हा लागली. आवाज पुढे आला. एका दीर्घ षड्जाच्या शेवटी श्वास जिथे संपतो आणि स्वर मात्र संपत नाही, ती जागा पहिल्या खेपेस ऐकूच आली नव्हती. कोणीतरी मागे तंबोरा छेडीत आहे, हेही प्रथमच कळले.

येथे माझे मत सांगतो. तात्या ज्याला नक्कल म्हणतात ती पूर्ण करायलाही हात घालावा लागतो, आणि अप्पा ज्याला वळण म्हणतात त्यातला मोठा भाग वास्तविक परतफेड आहे. कोणी, कुठे, किती काढून घेतले हे ठाऊक असेल तर तेवढे परत देण्याला फेरफार हे नावच लागू पडत नाही. खरा तंटा याच्या पुढे सुरू होतो, जिथे काढून घेणारा कोण हे सांगता येत नाही आणि तरी काही उणे आहे असे कानाला जाणवते.

अप्पा : मग हेडफोनचेच घ्या. खोलीत गाणे ऐकताना स्वर माझ्या कानाच्या पाळीवरून, खांद्यावरून, भिंतीवरून येतो. हेडफोनात तो सरळ कानाच्या तोंडाशी सोडलेला. जो हेडफोन यंत्रावर सपाट भरतो तो कानाला सपाट लागत नाही, म्हणून हेडफोन करणाऱ्याने आधीच त्याला आपल्या अंदाजाने वळण दिलेले असते. त्याने अंदाज करावा आणि मी करू नये?

तात्या : त्याने केलेला अंदाज पुष्कळ माणसांच्या कानांवर तपासलेला असतो, तुमचा एकट्याच्या. पण तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि अँप्लिफायरही त्यात सामील असतो हे वर सांगून ठेवतो. माझ्या या तीनशे ओहमच्या हेडफोनचा अडथळा शंभर आवर्तनांच्या आसपास पाचशेच्या घरात जातो. अँप्लिफायरचा स्वतःचा अडथळा शून्याजवळ असला तर काही बिघडत नाही. पण तो १२० ओहमचा असला, जसा काही जुन्या यंत्रांचा असे, तर त्या एका जागी खर्ज सुमारे एक डेसिबलने फुगतो, आणि ऐकणारा म्हणतो या अँप्लिफायरचा स्वभाव उबदार आहे. म्हणूनच हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून अँप्लिफायरचा अडथळा जास्त नसावा असा दंडक आहे. मला वळण चालेल, पण ते कोणते बटण देते आहे हे ठाऊक पाहिजे. चोरून आलेले वळण नको.

अप्पा : आणि रात्रीचे? मी रात्री अगदी हळू ऐकतो. हळू ऐकताना खर्ज नाहीसा होतो.

तात्या : होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली ते मोजून दाखवले. आवाज जसा उतरावा तसा आपला कान खालच्या सुरांना अधिकाधिक बहिरा होत जातो. मैफलीच्या पातळीवर बांधलेला तोल कुजबुजीच्या पातळीवर टिकत नाही. रात्री बास चार-पाच डेसिबल चढवला तर माझी हरकत नाही. सकाळी तो उतरवला पाहिजे, एवढेच. माझी खरी हरकत तुमच्या व्हॉल्व्हांना आहे.

आता तात्यांचा आवाज किंचित चढला. व्हॉल्व्हांविषयी त्यांना तिटकारा नव्हता; बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झालेले व्हॉल्व्ह त्यांनी तरुणपणी स्वतः रेडिओत बसवले होते, आणि म्हणूनच ते काय करतात याविषयी त्यांना भ्रम नव्हता.

अप्पा : व्हॉल्व्ह मूळ सुरात त्याच्या दुपटीचा उपस्वर मिसळतो, असे तुम्हीच मला सांगितलेत. षड्जाची दुप्पट म्हणजे तार षड्ज. त्याने सुराला कोणता बाध आला? तंबोरा तरी दुसरे काय करतो?

तात्या : एकच सूर वाजत असता तर बाध नव्हता. पण आपल्या गाण्यात तंबोरा अखंड चालू असतो, म्हणजे गळ्यातला प्रत्येक सूर षड्जाच्या जोडीने येतो. दोन सूर एकदम मिळाले की तुमचा व्हॉल्व्ह दुप्पट करूनच थांबत नाही, तो त्यांची बेरीज आणि वजाबाकीही करतो. षड्ज २४० आवर्तनांचा धरा. पंचम ३६०. बेरीज ६००, म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गांधार; वजाबाकी १२०, म्हणजे मंद्र षड्ज. दोन्ही गोड, आणि दोन्ही तंबोऱ्याच्या ओळखीचे. आता कोमल गांधार घ्या, २८८. बेरीज ५२८. तार षड्ज ४८०, कोमल ऋषभ ५१२, शुद्ध ऋषभ ५४०. हा ५२८ कोणाचा? देवलांनी आणि क्लेमेंट्सांनी ज्या अंतरांसाठी जन्म वेचला त्यांच्या मधोमध हा परका सूर जाऊन बसतो. कोमल गांधाराचा राग गाणाऱ्या माणसाच्या मागे हा सूर कोणी लावला? गवयाने नाही, तंबोऱ्याने नाही.

अप्पा बराच वेळ कागदावरचे ते आकडे पाहत राहिले. त्यांनी ओठांतल्या ओठांत षड्ज लावला, त्यावरून कोमल गांधारावर गेले, आणि तो ५२८ चा सूर कुठे पडेल ते गळ्याने शोधले. तो त्यांना सापडला, आणि त्यांना तो आवडला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते.

अप्पा : हा सूर तुमच्या गणितात आहे. पण तो किती मोठा? ऐकू येईल इतका?

तात्या : चांगल्या बांधणीच्या प्रीअँपमध्ये, या पातळीवर, शेकडा एकाहून पुष्कळच कमी. बहुतेक वेळा गाण्याखाली झाकून जाईल.

अप्पा : मग तो मला ऐकू येत नाही आणि त्याचा त्रासही होत नाही.

तात्या : आणि त्याच मापाचा गोडवाही तुम्हाला ऐकू येत नसणार. मग व्हॉल्व्हाचे दाम कशाचे मोजलेत? तुम्हाला जो फरक जाणवतो तो बहुतांशी तुमच्या दोन बटणांचा आहे, आणि थोडा पातळीचा. पेटी जोडल्यावर आवाज अर्धा डेसिबल जरी वाढला तरी कान त्याला मोठे म्हणत नाही, चांगले म्हणतो. म्हणून तुलना करण्यापूर्वी एक हजार आवर्तनांचा सूर सोडून दोन्ही वाटांनी हेडफोनच्या तोंडाशी मल्टिमीटर लावावा, आणि व्होल्टेजमध्ये शंभरात एकाहून अधिक फरक राहू देऊ नये. तो फरक डेसिबलच्या दहाव्या हिश्शाच्या आत येतो. इतके केल्यावर तुम्ही न पाहता व्हॉल्व्ह ओळखलात तर मी माझे शब्द मागे घेईन.

अप्पांनी ही अट मान्य केली, परंतु आपली एक अट पुढे ठेवली, आणि ती मला तात्यांच्या अटीहून अधिक मूलगामी वाटली. ते म्हणाले की, दोन वाटांपैकी कोणती गोड, हे ठरवणे निरर्थक आहे. कोणती खरी हे ठरवायचे तर अस्सल समोर हवे. घरात मिरजेचा तंबोरा होता, तात्यांच्या पत्नीचा, म्हणजे अप्पांच्या मेहुणीचा. तो मुद्रित करावा आणि हेडफोनमधून ऐकून त्याच खोलीतल्या त्याच तंबोऱ्याशी ताडून पाहावा.

तंबोरा जुळवायला पाऊण तास गेला. मण्यांनी शेवटची श्रुती मिळाली, अप्पांनी दोरा जागेवर आणला, आणि तात्यांनी घोडीपासून वीतभर अंतरावर मायक्रोफोन धरून दोन मिनिटे मुद्रित केली. सरळ वाटेने ऐकले तेव्हा अप्पांची तक्रार शब्दशः खरी ठरली : जवारी हेडफोनात चरचरत होती, आणि खोलीतला तंबोरा मुळीच चरचरत नव्हता. अप्पांनी आपल्या पेटीवर ट्रेबल तीन डेसिबलने उतरवला आणि दोन्ही तंबोरे पुष्कळ जवळ आले. तात्यांनी बटणाला हात लावला नाही. त्यांनी मायक्रोफोन उचलून श्रोता जिथे बसतो तिथे, चटईच्या कडेला, माणसाच्या कानाच्या उंचीवर नेला आणि पुन्हा मुद्रित केले. या खेपेस सरळ वाटेनेच तंबोरा तंबोऱ्यासारखा आला; बटणाने जे साधले होते त्याहूनही थोडा अधिक, कारण खोलीचा नादही त्याच्याबरोबर आला होता, आणि तो कोणत्याही बटणाने मिळण्यासारखा नव्हता.

तात्या : पाहिलेत? दोष ऐकण्यात नव्हता, मुद्रणात होता. तो मुद्रणातच दुरुस्त व्हायला हवा.

अप्पा : या तंबोऱ्याच्या बाबतीत तुमचे खरे. पण आज बाजारात येणाऱ्या निम्म्या मुद्रणांत मायक्रोफोन घोडीला चिकटवलेला असतो, आणि खाँसाहेबांचा मायक्रोफोन तर मला आता हलवता येत नाही. जिथे तो हलवता येत नाही तिथे बटणाखेरीज दुसरे काय आहे माझ्या हाती?

तात्या : जिथे मुद्रणाचा दोष आहे असे ठाऊक आहे तिथे. पण सत्तरीच्या कानाला वरचे सूर कमी ऐकू येतात म्हणून ट्रेबल चढवणारेही मी पाहिले आहेत. ते मात्र चूक. खोलीतला तंबोराही ते त्याच कानांनी ऐकतात. मग हेडफोनातल्याच तंबोऱ्याला वेगळी भरपाई का?

अप्पा : मी हेडफोनात चढवत नाही. पण खरे सांगायचे तर माझ्या घरच्या तंबोऱ्याची जवारी गेल्या काही वर्षांत मी अधिक खुली करून घेतली आहे. कारागिराने मला विचारले नाही का, आणि मीही सांगितले नाही. मला तो पूर्वीसारखा ऐकू यायला हवा होता.

तात्यांना याला उत्तर सुचले नाही, किंवा सुचूनही त्यांनी ते दिले नाही. त्यांनी खाँसाहेबांच्या तबकडीचे वेष्टन मागून घेतले, त्याच्या कोऱ्या बाजूस शिसपेन्सिलीने त्या दिवशीची तारीख घातली, आणि खाली लिहिले : खालचा वक्र २५० पासून, वर सपाट, दोन्ही वाहिन्या एकत्र, बास इतका, ट्रेबल इतका. मग त्यांनी अप्पांना सांगितले की, यापुढे ज्या तबकडीसाठी बटण फिरवाल तिच्यावर असे लिहून ठेवा, म्हणजे तुमच्यामागून ऐकणाऱ्याला तुमचा हात कुठवर पोहोचला होता ते समजेल आणि हवा तर तो काढून टाकता येईल. अप्पांनी वेष्टन वाचले, पेन्सिल मागितली आणि तात्यांच्या ओळींखाली आणखी एक ओळ घातली : रात्री हळू ऐकताना बास चार डेसिबल अधिक.